"कॉपीच तर आहे ना?"

गेमवरच्या पिक्चरमधलं एखादं पात्र कुणी मन लावून काढलं, की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली. "भारी आहे रे, पण कॉपीच ना? स्वतःचं काहीतरी काढ की!" इतक्यांदा ऐकलंय हे, की आता डोकं फिरतं. त्यातून बोलणारा नाशिककर असला तर जास्तच.

काय राव, आपण कुणाच्या गावचे? दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण यायला लागले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्याआधी ते रविवर्म्यांच्या छापखान्यात काम करून आलेले. हरिश्चंद्राची गोष्ट पुराणातली, त्यावर रविवर्म्यांनी चित्र काढलेलं, नि मग १९१३ मध्ये फाळक्यांचा सिनेमा. यात "ओरिजिनल" कोण, सांगा बघू.

मारिओचंच घ्या. टीव्हीला कॅसेटवाला गेम जोडून आपण सगळ्यांनी तो खेळलाय. १९८३ च्या गेममध्ये लुइगी म्हणजे काय, तर दुसऱ्या प्लेअरसाठी हिरवा रंग फासलेला मारिओ! पुढच्या गेम्समध्ये तो भित्रा झाला, आणि २०२३ च्या सिनेमात तर मारिओची सगळी धडपड या भावाला सोडवण्यासाठी. आमच्या टीममधल्या एका पोरानं हे दोघं पंचवटीतल्या एका वाड्यात नळ दुरुस्त करताना काढले. लुइगी हातातला पाना घट्ट धरून जिन्याखालच्या अंधाराकडे बघतोय, नि मारिओ, अगदी सहज, त्याच्या आणि अंधाराच्या मध्ये उभा. अख्ख्या सिनेमाचा जीव एवढ्यात आला की हो. मी वाचलेल्या एकाही परीक्षणात हे नव्हतं. आणि झालं काय? "कॉपी" म्हणून हिणवणाऱ्यांनीच ते चित्र ऑफिसच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर छापलं. कोपऱ्यातली सही कापून. ही कॉपी नाही वाटतं?

स्टुडिओवाल्यांना मात्र या लोकांची किंमत कळते, निदान गळ्याशी आलं की. ३० एप्रिल २०१९ ला (फाळक्यांची जयंती, योगायोग बघा) 'सॉनिक'चा ट्रेलर आला. माणसासारखे दात, बारके डोळे... लोक हादरले. चाहत्यांनी लगेच आपापले सॉनिक काढून दाखवले, "असा हवा होता" म्हणून. शेवटी रिलीज नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० वर ढकललं आणि पात्र नव्यानं घडवलं. ते काम गेलं सॉनिकचे कॉमिक्स काढणाऱ्या टायसन हेसकडे.

त्याच वर्षीच्या 'डिटेक्टिव्ह पिकाचू'ची गंमत आणखी वेगळी. पोकेमॉन खरेखुरे प्राणी असते तर कसे दिसले असते, अशी चित्रं आर. जे. पामर नावाचा चाहता हौसेनं काढायचा. सिनेमाच्या प्रॉडक्शन डिझायनरनं गूगल केलं, पामरची चित्रं सापडली, नि त्याला सरळ कामावरच घेतलं. "स्वतःचं काहीतरी काढ" असं कुणाचं ऐकून तो थांबला असता म्हणजे?

आता, ट्रेस करून खाली स्वतःची सही ठोकणारे महाभागही आहेत, नाही असं नाही. त्यांना खुशाल झोडा. विकायला काढलं की कंपनीच्या हक्कांचा प्रश्न येतो, तोही खरा. पण शनिवार-रविवार घालवून कुणी असं चित्र दाखवायला आणलं, तर नुसता अंगठा टेकवून पुढे सरकू नका बुवा. निदान एवढं तरी विचारा, की लुइगी तिकडे का बघतोय.