सातबारा सर्वांचा, ऊसबिल ज्याचं त्याचं

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर वेळापुरातल्या रानाचा सातबारा बघायचा तर आधी सोलापूर जिल्हा, मग माळशिरस तालुका, वेळापूर गाव आणि गट नंबर. आपण भरलेलं हे सगळं विनंती म्हणून सर्व्हरकडे जातं आणि तो राज्यभरच्या नोंदींतून तेवढाच उतारा काढून देतो. गट नंबर आठवत नसेल तर नावावरूनही शोधता येतं. पण दप्तरात 'कुलकर्णी' असेल आणि तुम्ही 'कुळकर्णी' टाकलंत, तर यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. मराठीत नावाचा शोध लिहिणाऱ्यानं ळ-ल, ऱ्हस्व-दीर्घ आणि नावामागं राहिलेली मोकळी जागा यांची सोय आधीच करायला हवी.

सातबारा बोलूनचालून सार्वजनिक. भावकीतल्या कुणीही पाहावा. ऊसबिलाचं तसं नाही.

समजा, एखाद्या कारखान्याच्या संकेतस्थळावर स्वतःचं बिल उघडलं आणि वरच्या पत्त्यात शेवटी सभासद क्रमांक ४१२७ दिसला. कुणी सहज तो ४१२८ केला आणि दुसऱ्याचं टनेज, सोसायटीची कपात, हातात पडलेली रक्कम, सगळं समोर आलं! यात प्रोग्रॅम बिघडलेला नसतो. क्रमांक मागितला, त्यानं दिला. मागणारा कोण, हे विचारायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०२१च्या यादीत पहिला धोका याच जातीचा आहे.

संकेतस्थळं बांधायच्या जँगोसारख्या फ्रेमवर्कमध्ये यावरचा उपाय बहुतेकदा एका ओळीचा असतो: बिल शोधताना क्रमांकाच्या जोडीला 'लॉगिन केलेल्या सभासदाचंच' ही अट. आणि हा सभासद कोण, ते सर्व्हरनं स्वतःच्या सेशनवरून, म्हणजे लॉगिनच्या नोंदीवरून ठरवायचं. पत्त्यातला आकडा काय, कुणीही बदलतो. काही महाभाग तर सगळ्यांची बिलं फोनवर पाठवतात आणि पडद्यावर फक्त एक दाखवतात. त्याला फिल्टर म्हणणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

कारखान्याच्या संचालक मंडळींना एवढंच सांगणं: संकेतस्थळाचं काम ताब्यात घेताना दोन सभासदांना समोर बसवा. एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याचा क्रमांक टाकून बघा. बिल उघडलं, तर ठेकेदाराचा शेवटचा हप्ता रोखा.