फलाट आठ डब्यांचा, माणसे किती?

कोलकात्याची मेट्रो परकी नाही. भारतीय रेल्वेचीच आहे. तिथल्या जुन्या भुयारी मार्गावर गर्दी मावत नाही, गाड्या वाढवा, ही प्रवाशांची मागणी आमचीही आहे. पण नवा रेक आणून फीत कापली की झाले, हे गणित आम्हाला मान्य नाही.

मुंबईत जमिनीवर फलाट लांबवता आले, म्हणून पश्चिम रेल्वेने २००९ मध्ये पंधरा डब्यांची लोकल आणली. १९८४ साली सुरू झालेल्या या भुयारात फलाट आठ डब्यांचेच. उरते ते दोन गाड्यांतले अंतर कमी करणे.

तिथेच घोडे पेंड खाते. टोकाच्या स्थानकात गाडी उलटी फिरायला उशीर झाला की मागची अडकते. जुलै २०२५ मध्ये खांबांना तडे जाऊन कवी सुभाष स्थानक बंद झाले. अलीकडच्या शहीद खुदिरामला क्रॉसओव्हरच नव्हता, म्हणून रिकामी गाडी पुढे नेऊन फिरवावी लागली आणि वेळापत्रक कोलमडले.

लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनने आधी, २०१५ साली, वॉल्थमस्टोचा क्रॉसओव्हर बदलला. २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या सोडल्या. आणि १९६८ पासून स्वयंचलित असलेल्या त्या गाडीत चालक आजही बसतो, हे माणूसकपातीच्या भाटांनी ध्यानात घ्यावे!

फेऱ्या वाढल्या की रुळांची झीज वाढते. तपासणीची रात्र मात्र तेवढीच राहते. काम वाढते, माणसे तीच, हे टपालातल्या बांधवांना सांगायला नको. मोटरमन, सिग्नल व ट्रॅकच्या रिक्त जागा आधी भरा, विश्रांतीचे तास वेळापत्रकात धरा. मग किती मिनिटांनी गाडी सोडायची ते बोलू.