मसुदा गुरुजींच्या हाती कधी पडणार?

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत आणि त्यांतल्या ७ शिक्षक मतदारसंघांच्या. शिक्षणाचा कायदा करताना शिक्षकांचं म्हणणं सभागृहात पोचावं, ही त्यामागची अपेक्षा. मात्र राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदानुसार या मतदारसंघांत मत देता येतं ते माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थांत शिकवणाऱ्यांनाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात पहिली-दुसरी शिकवणाऱ्या बाईंचं नाव त्या यादीत येत नाही. आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या निर्णयांची सर्वाधिक झळ बसली ती नेमकी याच शाळांना.

त्यांतले बरेच निर्णय विधेयकाच्या वाटेने आलेच नाहीत. विधेयक असेल तर निदान सभागृहात चर्चा होते, दुरुस्त्या सुचवता येतात. शासन निर्णय मात्र संध्याकाळी संकेतस्थळावर येतो आणि रात्री व्हॉट्सॲपवर शिक्षकांना कळतो.

१५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदं ठरवण्याच्या, निर्णयाचं तसंच झालं. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असलेल्या शाळांत शिक्षकपदच उरणार नाही, अशी शिक्षक संघटनांची हरकत होती. त्याच वर्षी, तेही ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनीच, वीसपर्यंत पटाच्या शाळांत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय निघाला. २५ सप्टेंबरला राज्यभरातले प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले. मत विचारलं नाही, तेव्हा ते रस्त्यावर येऊन सांगितलं गेलं.

वीसच्या पटाची शाळा कागदावर लहान दिसते. प्रत्यक्षात दोन गुरुजींकडे चार-पाच वर्ग असतात. एक जण केंद्रशाळेत माहिती द्यायला गेला, की दुसऱ्याने पहिलीला अक्षरं गिरवायला द्यायची, चौथीला फळ्यावर भागाकार घालून द्यायचा आणि मधेच तांदूळ मोजून पोषण आहाराची नोंद करायची. निवडणूक जवळ आली की बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम वेगळंच. शिक्षण हक्क कायद्याचं २७वं कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ नका, असं बजावतं. पण हे अपवादच कमी वेळखाऊ नाहीत. शिवाय ऑनलाइन माहिती भरण्याला अशैक्षणिक म्हणायचं की शैक्षणिक, याचा वाद मिटलेला नाही.

शिक्षक संघटनांचं सगळंच बरोबर असतं असं नाही. बदल्या आणि पेन्शनवर त्यांचा आवाज जितका चढतो, तितका मुलांना वाचता येत नाही यावर चढत नाही. तरीही वर्गात काय चालेल आणि काय नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

न विचारता काढलेले निर्णय टिकतातच असंही नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के आरक्षित प्रवेशातून सूट देणारी अधिसूचना ९ फेब्रुवारी २०२४ला निघाली. १९ जुलैला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पहिलीपासून हिंदी आणणारे २०२५मधले दोन्ही शासन निर्णय २९ जूनला सरकारनेच मागे घेतले आणि मग अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमून लोकांची मतं मागवली. हीच मतं एप्रिलमधल्या पहिल्या निर्णयाआधी मागवली असती, तर पहिलीच्या शिक्षकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं की सहा वर्षांच्या मुलाला मराठी वाचता येईपर्यंतच वर्ष निघून जातं.

शिक्षकांना आधी विचारण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, दर महिन्याला शिक्षण परिषद भरते, आणि तिथे बहुतेक वेळा वरच्या सूचना खाली वाचून दाखवल्या जातात. शाळांवर परिणाम करणारं विधेयक असो वा शासन निर्णय, त्याचा मराठी मसुदा महिनाभर आधी या परिषदेत ठेवावा. हरकती लेखी घ्याव्यात आणि कोणती का स्वीकारली किंवा फेटाळली, हे निर्णयासोबतच छापावं. प्राथमिक शिक्षकांना मताधिकार द्यायचा तर संसदेचा कायदा लागेल. मसुदा वाचायला द्यायचा तर मंत्रालयातलं एक परिपत्रक पुरे.