शेत विकण्यापूर्वी



सरदारपुरातील एक वृद्ध दांपत्य परवा भेटावयास आले. "फादर, मुलगा कॅनडास बोलावतो. शेत विकून कायमचे जावे काय?"

मी म्हणालो, "काका, आईवडिलांसाठीचा सुपर व्हिसा एका खेपेस ५ वर्षांपर्यंत राहू देतो, तो कायमच्या वास्तव्याचा परवाना नव्हे. वैद्यकीय विमाही आवश्यक आहे. परदेशी राहावयाचे ठरल्यास बँकेस कळवून बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्या. येथील करपात्र उत्पन्नावर येथे कर द्यावाच लागेल. आणि अनिवासी भारतीयास नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. असलेली मात्र राखता येते."

म्हणून, मुलाकडे आनंदाने जावे. पण शेत विकण्याची घाई करू नये. परतावेसे वाटले, तर पाय टेकावयास भूमी हवी.