अनुदानाचें माप आणि बेने-इस्रायल समाज

अलीकडे आपल्याकडे एक मत प्रतिष्ठित होत चाललें आहे. तें असें कीं, फार लहान समाजाच्या संस्थांना सार्वजनिक पैशांतून साहाय्य करणें म्हणजे तो पैसा वाळूंत ओतणें होय. बेने-इस्रायल समाजाच्या संस्थांविषयीं बोलणें निघालें म्हणजे हें मत विशेष आत्मविश्वासानें मांडण्यांत येतें. मूठभर माणसें उरलीं, तरुण पिढी इस्रायलला निघून गेली, आतां अनुदान कोणासाठीं? जुनीं प्रार्थनागृहें तेवढीं नीट राखावीं म्हणजे झालें, असा या मताचा इत्यर्थ आहे. हें मत बाळगणारे लोक दुष्ट नाहींत. पुष्कळदां ते सुशिक्षित व उदारही असतात. परंतु त्यांचा विचार मुळांतच चुकीचा आहे, व त्यावर उभारलेली दानाची व्यवस्था अन्यायाची आहे, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे.

वस्तुस्थिति प्रथम पाहूं. विसाव्या शतकाच्या मध्यास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज १९४८ नंतरच्या स्थलांतरानें ओसरला. २०११ च्या शिरगणतींत साऱ्या भारतांत ज्यूंची संख्या ४,६५० भरली. त्यांतील निम्म्याहून अधिक महाराष्ट्रांत होते. कुलाब्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतकें तेलघाणे चालवून शनिवारीं काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले हे लोक. दिवेकर, केहीमकर, राजपूरकर अशीं त्यांचीं आडनांवें कोंकणांतील गांवांवरून पडलेलीं, भाषा मराठी. सिनेगॉगला ते आपल्या बोलींत ‘मशीद’ म्हणत. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हग्गादा ग्रंथ १८४६ सालीं मुंबईंत मराठी भाषांतरासह छापला गेला. अशा समाजास ‘परका’ म्हणणें हें आपल्याच भाषेच्या इतिहासाविषयींचें अज्ञान होय.

या समाजाच्या संस्थांना खर्च कशाचा असतो? प्रार्थना चालविणाऱ्या हझानाचें वेतन, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचें औषधपाणी, मुलांना हिब्रू अक्षरें शिकविणें, सणासाठीं बिनखमिराच्या भाकरीची व्यवस्था, दफनभूमीची राखण. हे खर्च मोठे नाहींत. पण ते दरमहा येतात, आणि ते कधीं संपत नाहींत. नेमक्या अशाच खर्चास आजचा दाता नाखूष असतो.

कारण उघड आहे. अर्जाच्या नमुन्यांत पहिला प्रश्न असतो, लाभार्थी किती? २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठीं वेगळे काढावे लागतात. हा कायदा चांगला आहे. परंतु त्या पैशाचा हिशेब देतांना ‘दहा हजार विद्यार्थी’ हा आंकडा शोभतो, ‘अकरा वृद्ध’ हा शोभत नाहीं. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणें सामुदायिक प्रार्थनेस परंपरेनें दहा प्रौढ पुरुष लागतात. नवव्या माणसापर्यंत प्रार्थना अडते, दहावा आला कीं ती सुरू होते. अलिबाग किंवा रेवदंडा येथील सिनेगॉगांत सणाच्या दिवशीं दहांची संख्या भरावी म्हणून मुंबईहून चार माणसें पाठविण्याचा खर्च अर्जाच्या कोणत्या रकान्यांत लिहावयाचा? जेथें एका माणसाच्या येण्यानें सगळ्या गांवाचा सण पार पडतो, तेथें हजारांचें माप लावणें म्हणजे सोनाराच्या दुकानांत धान्याची पायली घेऊन जाणें आहे.

इमारतींचें मात्र तसें नाहीं. मुंबईच्या कोटांतील १८८४ चें केनेसेथ एलियाहू हें सिनेगॉग २०१९ सालीं उद्योगसमूहाच्या व वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या साहाय्यानें जीर्णोद्धार होऊन पुन्हां खुलें झालें. तें काम उत्तम झालें, व त्याबद्दल सर्वांचें अभिनंदनच केलें पाहिजे. आमचा आक्षेप जीर्णोद्धारास नाहीं. जीर्णोद्धारावर थांबण्यास आहे. रंगीत कांचांचें छायाचित्र निघतें, भिंतीवर देणगीदाराची शिळा बसते, उद्घाटनास मंत्री येतात. हझानाच्या वेतनाचें उद्घाटन होत नाहीं. पण हझान नसेल, ऐकणारीं मुलें नसतील, तर त्या सुंदर वास्तूस वस्तुसंग्रहालय म्हणावें; प्रार्थनागृह म्हणूं नये.

यावर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, जगांतील धनाढ्य ज्यू संस्थांनीं आपल्या बांधवांची काळजी घ्यावी. त्या घेतातच. १९१४ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली ‘जॉइंट’ ही संस्था मुंबईंत कित्येक दशकें कार्य करीत आली आहे. परंतु परदेशी देणगीच्या कायद्यांत २०२० सालीं दुरुस्ती झाली. तेव्हांपासून अशी रक्कम दिल्लींतील एकाच बँकशाखेंत स्वीकारावी लागते. ती दुसऱ्या संस्थेकडे वळवितां येत नाहीं. आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नासांवरून वीस टक्क्यांवर आली आहे. पूर्ण वेळ कारकूनही नसलेल्या लहान मंडळानें हें सारें कसें सांभाळावें? शिवाय पनवेल-पेणच्या म्हाताऱ्यांची जबाबदारी न्यूयॉर्कवर टाकण्यांत महाराष्ट्राचा गौरव तो कोणता? हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं निघालेल्या इस्रायली शाळेस लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशननें साहाय्य केलें. पुढें एली कदूरी यांच्या दानानें तिला त्यांचें नांव मिळालें. आज माझगांवच्या त्या शाळेंत बहुतेक मुलें इतर समाजांचीं आहेत. बाहेरून आलेल्या ज्यू पैशानें आपल्या शेजाऱ्यांचीं मुलें शिकलीं. आतां शेजाऱ्यांनीं हात आंखडता घ्यावा काय?

दुसरा आक्षेप समतेचा. एका समाजासाठीं वेगळी तरतूद कशाला, असें विचारतात. पण हें तत्त्व शासनानें पूर्वींच मान्य केलें आहे. घटत्या पारशी समाजासाठीं केंद्रानें २०१३ सालीं ‘जियो पारसी’ योजना काढली, आणि ती योग्यच होती. महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या १९९२ च्या कायद्याखालील सहा समाजांच्या यादींत मात्र ते नाहींत. म्हणजे ज्यांची संख्या सर्वांत कमी, त्यांनाच केंद्राच्या दृष्टीनें अल्पसंख्याक म्हणवितां येत नाहीं! राज्यानें दर्जा दिला हें खरें. पण दर्जामागें तरतूद नसेल तर तो कागदी मान ठरतो.

समाजाच्या संस्थांनींही कांहीं केलें पाहिजे. प्रत्येक विश्वस्त मंडळानें वेगळा दरवाजा ठोठावण्यापेक्षां सर्वांनीं मिळून एक मध्यवर्ती निधि उभारावा, दरवर्षीं त्याचे हिशेब छापावे, आणि कार्यकारी मंडळांत स्त्रियांना व तरुणांना बरोबरीचें स्थान द्यावें. मागणाऱ्याचा हिशेब स्वच्छ असला कीं देणाऱ्याच्या सबबी कमी होतात.

दात्यांकडे व शासनाकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. लाभार्थींची संख्या न मोजतां गरजूंपैकीं किती जणांपर्यंत संस्था पोहोंचली याचें प्रमाण मोजावें. अनुदान एका वर्षाचें नसून निदान दहा वर्षांचें असावें, व त्यांतून वेतन देण्याची मोकळीक असावी. आणि १८८० पासून चालत आलेलीं मराठी इस्रायली कीर्तनें, मलिद्याच्या विधींतील गीतें व जुने छापील ग्रंथ गोळा करण्याचें काम आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनीं आपल्या खर्चानें हातीं घ्यावें. कारण तें जितकें ज्यूंचें, तितकेंच मराठीचें आहे.

ज्यूंच्या हिब्रू भाषेंत दानास ‘त्सेदाका’ म्हणतात, आणि त्या शब्दाचें मूळ न्याय या अर्थाच्या शब्दांत आहे. बाराव्या शतकांतील आचार्य मैमोनिदीस यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी अशी कीं, माणसास पुन्हां मागावें न लागेल असें साहाय्य करावें. आपण या समाजास आजवर बहुधा उत्सवापुरतें व भिंतींपुरतें दिलें. राज्याच्या अर्थसंकल्पांत एवढ्या लहान समाजाची तरतूद शोधूनही सांपडणार नाहीं इतकी अल्प असेल. ती न करण्यास पैशाचा अभाव हें कारण कोणासही सांगतां येणार नाहीं.