तीन सेकंद कोणाच्या घड्याळाचे?

बास्केटबॉलच्या मैदानावर चोवीस सेकंदांचे एक घड्याळ असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने तेवढ्या अवधीत बास्केटकडे फेक केली पाहिजे, आणि उरलेले सेकंद खेळाडूंना, पंचांना व प्रेक्षकांना सारखेच दिसत असतात. त्याच खेळात तीन सेकंदांचाही एक नियम आहे. त्याचे घड्याळ मात्र केवळ पंचाच्या मनात चालते. प्रतिपक्षाच्या बास्केटसमोर आखलेल्या पट्ट्याला, म्हणजेच लेनला, हा नियम लागू आहे. चेंडू आपल्या संघाकडे असताना तेथे सलग तीन सेकंदांहून अधिक काळ थांबावयाचे नाही. शब्द नेमके आहेत. तरीही एखादा नामवंत खेळाडू तेथे खुशाल ठाण मांडून राहतो आणि नवख्यावर मात्र तत्काळ शिट्टी वाजते, ही तक्रार जुनीच आहे.

या तक्रारीचा विचार करताना नियमाचा हेतू ध्यानात घेतला पाहिजे. उंच खेळाडूने बास्केटखाली मुक्काम ठोकला की इतरांच्या कौशल्याला वावच उरत नाही, म्हणून 1936 च्या सुमारास अमेरिकेत हा नियम आला. तेवढ्याने भागले नाही. सहा फूट दहा इंच उंचीच्या जॉर्ज मायकनमुळे तेथील व्यावसायिक संघटनेने, एनबीएने, 1951 मध्ये लेनची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट केली. पुढे विल्ट चेंबरलेनचा दबदबा वाढल्यावर 1964 मध्ये ती सोळा फूट झाली. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा मक्तेदारीला आळा घालणारा कायदा आहे. सेकंद हे केवळ त्याचे माप.

साहजिकच, अक्षरशः तीन मोजून शिट्टी फुंकणारा पंच नियमाचा खरा पाईक ठरत नाही. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकातच सवलती नमूद आहेत. लेनमधून बाहेर पडण्याच्या प्रयत्नात असलेल्या खेळाडूला सूट आहे. तो स्वतः किंवा त्याचा सहकारी फेक करीत असून चेंडू हातातून सुटत असेल तरीही आहे. बाहेर पडण्याचा प्रयत्न खरा की देखाव्याचा, हे अखेर पंचालाच ठरवावे लागते. येथे विवेक टाळता येत नाही आणि टाळूही नये. चेंडूपासून दूर, कोणाच्याही वाटेत न येता रेंगाळणाऱ्या खेळाडूसाठी खेळ थांबविण्यात कोणाचेच हित नाही.

आक्षेप आहे तो विवेकाच्या वाटपावर. अनेक पंच शिट्टीऐवजी ‘बाहेर हो’ असा तोंडी इशारा देतात. पद्धत चांगली आहे. पण इशारा एकाला आणि शिट्टी दुसऱ्याला, असे झाले की ती सवलत न राहता खिरापत होते. पहिल्या सत्रात ज्याकडे कानाडोळा केला, त्याच गोष्टीसाठी शेवटच्या मिनिटाला शिट्टी वाजली तर खेळाडूने कोणता नियम पाळावयाचा होता? कचेरीत वा परीक्षागृहात असा अनुभव घेतलेल्यांना हा प्रश्न नवा वाटणार नाही.

फ्री थ्रोच्या वेळची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि येथे पंचांची उदारता समर्थनीय वाटत नाही. घड्याळ थांबलेले असते. लेनच्या दोन्ही कडांना खेळाडू ठरलेल्या जागी उभे असतात. फेकणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत त्यांनी आत पाऊल टाकावयाचे नसते. धावपळीची सबब येथे नाही. शिवाय लाभहानीचा हिशेब फिबाच्या नियमाने आधीच करून ठेवला आहे. चेंडू बास्केटमध्ये गेला तर कडेच्या खेळाडूची आगळीक दुर्लक्षिली जाते आणि गुण मिळतो. चेंडू हुकला आणि आगळीक बचाव करणाऱ्याची असली, तर फेक पुन्हा मिळते. फेकणाऱ्याच्या सहकाऱ्याची असली, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणजे आगळिकीचा लाभ होण्याचा संभव असतो तेथेच शिक्षा आहे. ‘अर्धे पाऊल तर पुढे पडले’ असे म्हणून पंच पुन्हा सूट देतो, तेव्हा एकाच देण्यावर दोनदा माफी होते. त्याची किंमत जागेवर शिस्तीने उभा राहिलेला खेळाडू मोजतो, कारण परतलेला चेंडू आधी धावलेल्याच्या हाती पडतो.

2015 च्या मार्चपासून एनबीए अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल प्रसिद्ध करू लागली. पंचांचे बरोबर निर्णय, चुकीचे निर्णय आणि वाजावयास हवी होती पण वाजली नाही अशी शिट्टी, हे सारे त्यात नोंदले जाते. लेनमधील आगळिकीही त्यात येतात. पंचांवर हा अन्याय आहे असे काहींना वाटते. वस्तुतः विवेक वापरणाऱ्याने त्याचा जमाखर्च दाखविणे यात कमीपणा नाही. उणीव आहे ती वेगळी. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो आणि खेळाडूंना कोणत्या सवयी परवडतील हे पहिल्या सेहेचाळीस मिनिटांतच ठरून गेलेले असते. त्या मिनिटांचा अहवाल निघत नाही.