संगणकाशी गट्टी : चिमूटभर हिंगासाठी अख्खं दुकान?

दोस्तांनो, फोडणीला चिमूटभर हिंग हवा म्हणून वाण्याचं अख्खं दुकान कुणी घरी आणतं का? संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मोठी माणसं मात्र पुष्कळदा असंच करतात, बरं का!

समजा, तुम्ही शाळेचं वेबपान तयार केलंत. त्यावर एवढंच दाखवायचंय : 'स्नेहसंमेलनाला उरले १२ दिवस.' तारखांचा हिशेब तसा किचकट. कुठला महिना ३० दिवसांचा, कुठला ३१ चा, मध्येच लीप वर्ष! म्हणून प्रोग्रामर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली तयार साधनं वापरतात. अशा संचाला लायब्ररी म्हणतात. जावास्क्रिप्ट या भाषेसाठी २०११ मध्ये 'मोमेंट' नावाची अशीच एक लायब्ररी आली आणि भलतीच लोकप्रिय झाली. तारखा वाचणं, मोजणं, छापणं, सगळं एकाच पेटीत!

पण तीच तिची अडचण ठरली. तिच्यातली साधनं एकमेकांना बांधलेली. एकच वापरलंत तरी बाकीची सोबत येतातच. शिवाय तिच्यात जगभरच्या भाषांचे तक्ते आहेत. आपली मराठीही आहे त्यात. वेबपानाचे भाग एकत्र बांधणाऱ्या 'वेबपॅक'ला आधी कळत नाही, की यातली कोणती भाषा लागेल. मग वेगळी सूचना दिली नाही, तर ते सगळेच तक्ते गाठोड्यात भरतं. आणि हे गाठोडं उचलतं कोण? प्रोग्रामर नव्हे! ज्याच्या फोनला रेंज अर्धीमुर्धी आणि डेटा मोजका, तो तुमचाच एखादा वर्गमित्र.

सप्टेंबर २०२० मध्ये खुद्द मोमेंट सांभाळणाऱ्यांनीच सांगितलं, की नव्या कामासाठी दुसरं साधन निवडा. त्यांनी सुचवलेल्यांपैकी एक म्हणजे 'डेट-एफएनएस'. हिच्यात प्रत्येक काम सुटं. फक्त दिवस मोजायचेत? मग तेवढंच घ्या.

म्हणजे जुनं काढलं, नवं बसवलं, की झालं? थांबा! मोमेंटमध्ये चार आकडी वर्षासाठी चार कॅपिटल 'वाय' लिहितात, डेट-एफएनएसमध्ये चार छोटे. दुसरी गंमत पाहा. मोमेंटमध्ये तारखेत ७ दिवस मिळवले, की मूळ तारीखच बदलते. डेट-एफएनएस मात्र नवी तारीख देते. जुनी जिथल्या तिथे. हे ध्यानात घेतलं नाही, तर संमेलनाची तारीख चुकीची लागेल आणि पाहुणे येतील भलत्याच दिवशी!

म्हणून आधी यादी करा : आपण नेमकं काय काय वापरतो? त्यातलं काही ब्राउझरला आधीच येत असतं. देवनागरी आकड्यांत तारीख छापायला आजच्या ब्राउझरला कुठलीच लायब्ररी लागत नाही. उरलेलं एकेक करून बदला आणि दर वेळी तपासा. ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी अशा अवघड तारखा मुद्दाम घालून पाहा.

आता तुमच्यासाठी कोडं. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला, तर कोणती तारीख येईल? आधी वहीत उत्तर लिहा. मग जावास्क्रिप्टच्या साध्या तारखेत महिना एकने वाढवून पाहा आणि तेच डेट-एफएनएसलाही विचारा. दोघांची उत्तरं वेगळी येतील. का बरं? शोधा पाहू!